खाडीवर घातलेला आळ

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्या रागापायीच झालं, आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही.

मी, श्रीपाद गुप्ते, खताचा इन्स्पेक्टर. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसायचा आणि मग "असं का, वा वा" म्हणायचा. शेजारचे वकील येता-जाता सुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारायचे, "काय वहिनी, साहेब आज कुठल्या उकिरड्यावर?" सुमती म्हणायची, "तुमच्याकडेच निघाले होते, मीच म्हटलं आधी जेवून घ्या." मग वकील काही दिवस दुसऱ्या जिन्यानं जायचे.

कायदा नवा होता. सत्तावन्न साली आला. त्याआधी खतात माती घाला, रेती घाला, विचारणारं कोणी नव्हतं. आता दुकानात जायचं, गोणीत पोकळ लोखंडी सळई खुपसून नमुना काढायचा, तीन बाटल्यांत भरून लाखेचं सील मारायचं. एक बाटली दुकानदाराला, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक आपल्याकडे. ऐकायला सोपं आहे. पण प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला इतका वेळ लागायचा की तोवर त्या खतावरचं पीक कापून, झोडून लोकांच्या पोटात गेलेलं असायचं. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक होतं. मी दुकानात शिरलो की ते हसून खुर्ची पुढे करायचे.

अठ्ठावन्नच्या श्रावणात ठाण्याच्या ऑफिसात निरोप आला, की खारवलीत जपानी पद्धतीची पाच शेतं करपली.

खारवली डोंबिवलीच्या खाली, अगदी खाडीच्या कुशीत. आमच्या शेती खात्यानं तिथं पाच जणांना तयार करून दोरी लावून ओळीत लावणी करवली होती. वरून पांढरं खत, म्हणजे अमोनियम सल्फेट, द्यायचं. बाकीचा गाव आपला शेणखतावर. ती पाच शेतं एकाला एक लागून होती, कारण आम्हालाच सलग शेतं हवी होती. वरच्या साहेबांना दाखवायला बरी दिसतात.

मी गेलो तेव्हा गोदाबाई बांधाखाली चिखलात उभी होती. ही त्या पाचांतली पहिली. नवरा वारलेला, मूल नाही, एक शेत आणि एक बांधाचा तुकडा. सगळा गाव जपानी पद्धतीला नाकं मुरडत होता तेव्हा हिनंच आम्हाला म्हटलं होतं, की आणा तुमची दोरी, मी लावते. तिच्यामागोमाग बाकीचे चौघे आले.

"सायेब, तू तरी बघ," ती म्हणाली. आगरी माणसं देवालाही अरे-तुरे करतात, माझी काय कथा. "माजे बांदान चिंबोरीचा भोक पन नाय. गाव म्हनतं पानी माजे बांदानशी शिरला."

खारवलीच्या बांधाचं सांगायला हवं, नाहीतर ती का चिखलात उभी होती ते कळायचं नाही. भरतीचं पाणी अडवणारा लांबलचक मातीचा बांध, आणि त्याच्या आत शेतं. बांध सरकारचा नाही. घरटी त्याचे तुकडे पाडलेले. ज्याचं शेत त्याचा समोरचा तुकडा. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्यात भोकं पाडतात. ती ज्याची त्यानं बुजवायची. पावसाआधी चिखलानं ज्याचा त्यानं लिंपून घ्यायचा. आणि ज्याच्या तुकड्यातून खारं पाणी आत शिरलं, त्यानं ज्यांची ज्यांची शेतं करपली त्या सगळ्यांना भात भरून द्यायचं. भात नसेल तर शेत द्यायचं. हा गावकीचा कायदा. त्याला ना कोर्ट, ना अपील.

एकट्या बाईचा तुकडा कच्चाच असणार, असं गावानं धरून टाकलेलं. चार शेतांचं भात गोदाबाई कुठून भरणार? म्हणजे शेत जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गावकी बसून निकाल देणार होती, कारण खाडीला नारळ द्यायच्या आधी बांधाचा वाद मिटवायचा असा तिथला रिवाज.

मी चपला काढून शेतात उतरलो. आणि मला जे दिसलं ते बघून डोकंच तापलं. खाडीचं पाणी शिरलं असतं तर भात बांधाकडून करपत आत गेलं असतं. इथं उलटंच. बांधाच्या पायथ्याची रोपं हिरवीगार डोलत होती, आणि आतलं भात गोल गोल पट्ट्यांत तांबूस पडलं होतं. उभं राहून मूठ फेकली की दाणे जिथवर पडतात तिथवर करपलेलं, आणि दोन फेकींमधे जी फट राहते तिथं हिरवं. खाडीचं पाणी असं मूठमूठ येत नाही.

"खत कोणी टाकलं?" मी विचारलं.

"मीच. पाची शेतान मीच टाकला. माजा हात सारका पडतं म्हनून."

"पाणी काढून टाकलेलं?"

"तुमीच सांगलाव ना, आदी पानी काडाचा, मग टाकाचा. मग पाऊस पन गेला."

"उरलंय का काही?"

तिच्या घरात अर्धी गोणी होती. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. आता, अमोनियम सल्फेटसुद्धा जिभेला खारटच लागतं, त्यामुळे जीभ काही साक्षीदार नव्हे. पण दाणा मला खटकला. काही दाणे साखरेसारखे बारीक आणि काही जाडे, चौकोनी, ओलसर. गोणीचं बूड भिजून पाझरत होतं. मी थोडं कागदात बांधून घेतलं.

धोंडीबा पाटील गावकीचे प्रमुख. त्यांना मी शेतात आणून त्या पट्ट्या दाखवल्या. पाटील माणूस वाईट नव्हता, पण ताठ. म्हणाला, "सायेब, आमचे बापजाद्यांशी खारा पानी बघतंव. तू आमाला नको शिकवू." मग जरा हळू आवाजात, "खत सरकारनं सांगला, कल्याणचे मोठे शेटनं दिला. त्याच्यान खोट कशी निंगल? बांदान निंगते. बांद मातीचा हाय."

ठाण्याला आमच्या ऑफिसात डेनिस म्हणून एक जण होता. ठाण्याचाच, घरची शेती असलेला ख्रिस्ती. तपासणीची छोटी पेटी त्याच्या ताब्यात. त्यानं माझी पुडी पाण्यात विरघळवली, त्यात दोन औषधांचे थेंब टाकले, आणि नळीत एकदम दूध नासल्यासारखं पांढरं झालं. तो म्हणाला, "गुप्ते, हे कालवणात घाल. अर्ध्याच्या वर मीठ आहे."

मीठ. खाडीच्या दोन्ही काठांना मिठागरं, मीठ मातीमोल. आणि दिसायला सल्फेटचं भावंड. मी तिथंच स्टुलावर बसलो. मला भेसळीचं आश्चर्य नव्हतं वाटत, भेसळ पकडायचाच मी पगार घेतो. मला चीड आली ती त्यामागच्या डोक्याची. रेती घातली असती तर पकडला गेला असता. पण खाडीकाठच्या गावात मीठ घातलं, भात करपलं, तर कोण गोणीकडे बघेल? गाव बांधाकडे बघणार. आणि ज्याचा बांध, त्याची मान कापली जाणार. त्या माणसानं गावाचा रिवाज नीट समजून घेऊन त्यात मीठ कालवलं होतं.

मी तसाच रेगेसाहेबांच्या केबिनमधे गेलो. प्रभाकर रेगे, आमचे जिल्ह्याचे शेती अधिकारी. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मऊ.

"गोणी कुठं होती, गुप्ते?"

"शेतकरणीच्या घरात."

"फोडलेली?"

"हो, अर्धी वापरलेली."

"म्हणजे खाडीकाठच्या घरात, फोडलेली गोणी, आणि तुम्ही मला सांगता त्यात मीठ आहे. अहो, तिथं भिंतीला जीभ लावली तरी मीठ लागेल. कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही हे."

मुद्दा खरा होता. मी म्हटलं, "शेतात चला. पट्ट्या बघा."

"मी वर कळवून टाकलंय. उधाणाचं पाणी शिरून नुकसान. निसर्गापुढे कुणाचा इलाज आहे?"

"न बघता कळवलंत?"

ते जरा लाल झाले. "गुप्ते, प्रात्यक्षिकाची शेतं खतानं करपली असं एकदा छापून आलं ना, की या जिल्ह्यात पुढची दहा वर्षं कोणी पांढऱ्या खताला शिवणार नाही. त्याचा विचार करा. आणि त्या गावकी-बिवकीत तुम्ही जायचं नाही. हा माझा हुकूम समजा."

"आणि त्या बाईचं शेत?"

"तो गावचा अंतर्गत मामला आहे."

अंतर्गत मामला. पाचही जणांना खत घ्यायला लावलं आम्ही, दोरी आमची, सल्ला आमचा, आणि शेत जाणार तेव्हा मामला अंतर्गत. मी दार जरा जोरातच लावून बाहेर आलो.

त्याच दुपारी कल्याणला मधुशेठच्या गोदामात गेलो. गोणी त्यांच्याकडूनच गेल्या होत्या. मधुशेठ गोरेपान, हसतमुख, हाताच्या बोटांत अंगठ्या. गोदामात छतापर्यंत गोणी रचलेल्या, सगळ्या कारखान्याच्या शिलाईच्या, एकूण एक चोख. हव्या तेवढ्यांत सळई खुपसा म्हणाले. मी खुपसली. जाडा दाणा एकही नाही. मिठाचा माल खारवलीला आणि तसल्याच खाडीकाठच्या गावांना जाऊन संपला होता.

"चहा घ्या, साहेब. फार वाईट झालं हो खारवलीत. खाडीचं काही सांगता येत नाही." मग बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "त्या बाईला मी मदत करणार आहे. एखादं लुगडं, सणाला काहीतरी. आपल्या गिऱ्हाइकाचं दुःख ते आपलं दुःख."

मी चहा घेतला नाही. बशी परत त्यांच्याकडे सरकवली आणि उठलो. दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

घरी सुमतीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हुकूम ऑफिसच्या माणसाला आहे ना? मग रजा टाका. रजेवर असलेला माणूस कुठल्याही गावाला जाऊ शकतो."

"नोकरीवर येईल गं."

"आली तर आली. तुम्ही घरी बसून दार आपटत राहिलात तर माझ्या जिवावर बेतेल, त्याचं काय?"

म्हणून मी रजा टाकली आणि गावकीच्या दिवशी खारवलीला गेलो.

गावकी बांधावरच बसली होती. पंच वर, आणि गोदाबाई खाली. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. मधुशेठ आलेले होते, आपली लॉरी घेऊन. त्यांना मधोमध घोंगडी अंथरून दिलेली. गावाला नारळांचं पोतं आणलं होतं त्यांनी. मी जाऊन गोदाबाईच्या शेजारी चिखलात उभा राहिलो. धोंडीबा पाटील म्हणाले, "सायेब, वर ये." मी म्हटलं, "इथूनच बरं दिसतं."

मग मी माझं बोललो. पट्ट्या दाखवल्या, मीठ सांगितलं. लोक ऐकत होते, पण ऐकणाऱ्यांत ते चौघेही होते, ज्यांना भात भरून हवं होतं. मधुशेठनं मधे एकदाही तोडलं नाही मला. संपल्यावर घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, साहेब शिकलेले आहेत. पण एक सांगतो. हाच माल, याच गोण्यांतला, मी माझ्या शीळच्या शेतात टाकलाय. या आणि बघा, भात कसं आहे ते. शीळला खाडी नाही ना, म्हणून तिथं करपलं नाही. एवढंच."

लोकांनी माना डोलावल्या. धोंडीबा पाटलांनीही डोलावली. गोदाबाईचं तोंड एकदम उतरलं. तोवर ती ताठ उभी होती, ती मला बघवली नाही.

आणि मग माझा तो राग. मी म्हटलं, "छान. गोदाबाईंच्या घरात या मालाची अर्धी गोणी पडून आहे. ती आत्ताच्या आत्ता लॉरीत घाला. पंचांनी यायचं, तुम्ही यायचं, आम्ही येतो. तुमच्या शीळच्या शेतात सगळ्यांसमोर टाकायची. आठवड्यानं पंचांनी जाऊन बघायचं. भात हिरवं राहिलं तर मी माझ्या हातानं लिहून देतो, की गोदाबाईंच्या बांधातून पाणी शिरलं, आणि त्याच दिवशी राजीनामा देतो. करपलं तर गोदाबाईंचं शेत गोदाबाईंचं, आणि चौघांना भात भरायचं ते तुम्ही."

 मधुशेठ हसले. "कबूल," म्हणाले. "उचला गोणी."

इतक्या पटकन कबूल? हे मला लॉरीत बसल्यावर टोचायला लागलं. मधुशेठ पुढे ड्रायव्हरशेजारी; पंच, ते चौघे, गोदाबाई आणि मी मागे गोणीभोवती. कल्याणचा रस्ता धरून शीळफाट्याकडे निघालो, जिथं तो ठाण्याकडून येणाऱ्या पुण्याच्या रस्त्याला मिळतो. जसजशी लॉरी चढ चढू लागली आणि दोन्हीकडे तांबडी, गोडी जमीन दिसू लागली, तसा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खारवलीची जमीन मुळातच खारी. ती आधीच कडेला आलेली, वरून मीठ पडलं आणि ती गेली. शीळच्या जमिनीत मिठाचा कण नाही. उताराचं शेत, पाणी वाहतं, आणि आता पावसाची बुरबुरही सुरू झालेली. हे शेत ते मीठ धुऊन टाकील आणि आठवड्यानं हिरवंगार हसत उभं राहील. हे मधुशेठला त्या क्षणी कळलं होतं, आणि मला, शेतीची पदवी घेतलेल्या माणसाला, लॉरीत.

 गोदाबाई गोणीला पाय लावून बसली होती. मी तिला हळूच म्हटलं, "गोदाबाई, मी घाई केली. शीळची जमीन हे सोसेल कदाचित."

तिनं गोणीचं तोंड घट्ट आवळलं. मग म्हणाली, "तू नसता आलास तर शेत आज जाणार व्हता. आता आठ दिसांनी जाईल. तू खाली माजे बाजूला उबा रवला ना, मना बास झाला."

मला रडूच यायचं बाकी राहिलं. सांगायला काय लाजायचं. पण माघार घ्यायची नाही हे मी तिथंच ठरवलं. आठवडा तर आठवडा. शीळला रोज जाईन, पट्ट्यांतलं एकेक रोप उपटून डेनिसला दाखवीन, रेगेसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवीन. राजीनामा देईन तो त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाला चिखल लावूनच देईन.

मधुशेठचं शेत रस्त्याच्या वरच्या अंगाला. आनंदा म्हणून त्यांचा वाटेकरी, अर्ध्या वाट्यानं कसणारा, तो आणि त्याची बायको गुडघाभर चिखलात तण बेणत होते. भात खरंच सुंदर होतं, बोट ठेवायला जागा नव्हती. लॉरीतून इतकी माणसं उतरलेली बघून आनंदा गडबडला आणि हात धुऊन वर आला.

"आनंदा," मधुशेठ मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या खाचरातलं पाणी काढ, आणि ही अर्धी गोणी सगळी टाक. आत्ता."

आनंदानं बायकोला पाणी काढायला सांगितलं. तिनं बांध फोडला, पाणी खळाळत खालच्या खाचरात गेलं. आम्ही बांधावर रांगेनं उभे.  आनंदानं गोणीचं तोंड उघडलं, मूठ भरली, पाऊल शेतात टाकलं, हात मागे नेला.

मग थांबला. मुठीतलं दोन बोटांत चोळून बघितलं.

"शेट, ही कुटली गोनी?"

"आपलीच. टाक तू."

"आपलेकरचा बारीक हाय. यो ओला लागतंय."

मधुशेठ काही बोलणार, तेवढ्यात गोदाबाई म्हणाली, "खारवलीला आलेली गोनी हाय ही. कल्यानशी."

आनंदानं मूठ परत गोणीत सोडली. अगदी सावकाश, एक दाणा शेतात पडू न देता. आणि मालकाकडे वळून, बापडा, घाबऱ्या आवाजात म्हणाला, "शेट, तुमीच सांगलेला ना, खाडीवर जानारे गोनीतला आपले शेतान घालू नको म्हनून?"

मधुशेठच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे आता काही नव्हतं. "काय बडबडतोस रे?" ते ओरडले. "कधी सांगितलं मी?"

झालं. आनंदाला वाटलं, मालक आपल्यावर आळ घेतोय, की आपण ऐकलं नाही. तो हात जोडून काकुळतीला आला. "नाय शेट, पोरांची शपत. एक मूठ पन नाय घातली. तुमी आपले इथले खोपटान बाजूला ठेवलेल्या गोनींना मी हात पन नाय लावला. सगल्या गेल्या तवाच खोपटाला परत कुलूप घातला. इचारा हिला."

त्याची बायको चिखलातूनच म्हणाली, "खरा बोलतंय तो, शेट. रागावू नको त्याला."

ती दोघं आपल्या परीनं मालकाची चाकरी नीट केल्याचं सांगत होती. मधुशेठनी एकदा धोंडीबा पाटलांकडे बघितलं. पाटलांनी डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. मधुशेठ लॉरीकडे गेले आणि आत बसून राहिले.

मी तिथंच पंचनामा लिहिला. मी रजेवर होतो, तरी लिहिला. कायद्यात कुठं म्हटलंय, की रजेवरच्या इन्स्पेक्टरनं डोळे मिटून घ्यावेत? आनंदाचा अंगठा घेण्याआधी त्याला नीट समजावून सांगितलं, की यात काय लिहिलंय आणि मालक याचं काय करू शकतो. त्यानं चिखलाचा अंगठा पुसला. मग आपल्या भाताकडे बघून म्हणाला, "अर्धा माजा हाय ना यो?" आणि अंगठा उठवला. धोंडीबा पाटलांनी सही केली. त्या चौघांतल्या दोघांनीही केली.

पुढचं ऑफिसचं एकदाच सांगतो. रेगेसाहेबांनी मला मेमो दिला, की हुकूम मोडून मी गावकीला गेलो, याचा खुलासा द्या. मी खुलाशात लिहिलं, "होय, मी गेलेलो. असं पुन्हा झालं तर पुन्हा जाईन." डेनिसनं वाचून विचारलं, एवढंच? मी म्हटलं, कागद महाग आहे. माझी बदली लांब झाली, सुमतीनं एका दिवसात सामान बांधलं, आणि मधुशेठचं प्रकरण कोर्टात रेंगाळत राहिलं. चौघांना भात मात्र त्यांना भरावंच लागलं, कारण गावकीला अपील नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. मधुशेठ लॉरी घेऊन निघून गेले होते, म्हणून आम्ही सगळे शीळहून चालत खारवलीला परतलो. पाऊस धो धो पडत होता. भरती लागलेली, बांधाच्या पलीकडे पाणी चढत होतं आणि अलीकडे खाडीचा एक थेंब नव्हता. अख्खा गाव बांधावर जमला. धोंडीबा पाटील पुढे झाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गोदे, तुजा बांद चांगला हाय. गाव सांगतंय. उद्या पयला नारल तू दे."

मला वाटलं, आता ही रडेल. नाहीतर पाया पडेल. आम्हा साहेबलोकांना असंच वाटतं.

गोदाबाईनं भिजलेला पदर खोचला आणि पाटलांच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाली, "पाटला, माजा बांद काल पन चांगलाच होता. गावानं सांगाची वाट नव्हता बघत." मग त्या चौघांकडे वळली. "आन् तुमी चौघा. उद्यापासून आपापलं खत आपण टाका. माजा हात आता फकस्त माजे शेतान चालंल."

त्यांतल्या एकानंही वर बघितलं नाही.